मदत हवी आहे: जुने रायफल प्रायमर अजून भरवशाचे असतील का?

मी टेक्सासमध्ये राहतो, थर्टी-ऑट-सिक्स रायफलची काडतुसं घरीच रीलोड करतो (उडवलेल्या केसेस, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, पुन्हा भरतो). शेजारचे आजोबा गेले, त्यांच्या मुलाने रीलोडिंगचं सगळं सामान मला दिलं. त्यात सीसीआय कंपनीच्या २०० लार्ज रायफल प्रायमरचे (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी) बरेच डबे आहेत. पुठ्ठा पिवळा पडलाय, पण प्रायमरचे कप चकचकीत, हिरवट डाग कुठेही नाही. डबे घरातल्या कपाटात होते, गॅरेजमध्ये नाही. इथल्या उन्हाळ्यात हा फरक मोठा.

लेड स्टिफनेट या स्फोटक रसायनाचे प्रायमर कोरड्या, थंड जागी अनेक दशकं टिकतात, ओल आणि तेल लागलं की बिघडतात, एवढं माहीत आहे. तरी वरून दिसत नाही ना! काही हँगफायर झाले, म्हणजे चाप ओढल्यावर बार उशिरा उडाला तर? (बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबतो.)

आधी दारू-गोळी न भरता, नुसते प्रायमर बसवलेल्या केसेस रेंजवर उडवून बघणार आहे. किती उडवले म्हणजे खात्री धरायची? शिकारीला नवेच वापरेन, हे सरावापुरते. शिवाय एका डब्यावर कंपनीचं नावच नाही. क्लोरेटचे, म्हणजे नळी गंजवणारे असतील, तर कसे ओळखायचे? अनुभवींनी कृपया सविस्तर सांगा.