जुनं ग्लो इंजिनचं मॉडेल विमान घेताना फायरवॉल बघा
सांगाडा धड असला की सेकंडहँड रिमोटवालं मॉडेल विमान बिनधास्त घ्यावं, बाकी सगळं बदलता येतं, असं जे म्हटलं जातं, ते इलेक्ट्रिक मॉडेलपुरतं पटतं. फुगलेली लायपो बॅटरी काढली, नवी घातली, विषय संपला. ग्लो इंजिनवाल्यात, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन असलेल्यात, मात्र धड दिसणारा सांगाडाच दगा देतो. त्या इंधनात मिथेनॉलसोबत तेल असतं. ते बरंचसं न जळताच बाहेर पडतं आणि हळूहळू लाकडात मुरतं.

इंजिन ज्या प्लायवर बसवलेलं असतं ती फायरवॉल टाकी काढून, आत टॉर्च मारून बघा. लाकूड काळपट-तेलकट असेल, किंवा इंजिन धरून हलवल्यावर सांध्यात बारीक फट उघडत असेल, तर फुकटही नको. तेल प्यालेल्या लाकडावर इपॉक्सी गोंद नीट धरत नाही. फोटोत यातलं काही दिसत नाही, लाकडावर चढवलेलं कव्हरिंग तेवढं चकाचक पुसलेलं असतं!