इंग्लंडमध्ये ‘पोलीस स्टाफ’ म्हणून नोकरी: कोणत्या युनियनचे सभासद व्हावे?

प्रश्न: मिडलँड्सची रहिवासी

नमस्कार. पुढील महिन्यात मी इंग्लंडच्या मध्य भागातील एका पोलीस दलाच्या नियंत्रण कक्षात रुजू होत आहे. ९९९ (तातडीची मदत) आणि १०१ (तातडी नसलेली पोलीस मदत) या क्रमांकांवर येणारे दूरध्वनी घेणे, प्रसंगाचे गांभीर्य ठरवून नोंद करणे आणि ती पुढे पाठवणे, असे कामाचे स्वरूप आहे. म्हणजे मी पोलीस दलाची नोकर असेन, परंतु कॉन्स्टेबल नसेन. नियुक्तिपत्राबरोबर युनिसन या युनियनचे माहितीपत्रक आले आहे, प्रशिक्षणात भेटलेल्या एका बाई जीएमबी या दुसऱ्या युनियनचे नाव घेतात, आणि आमचे शेजारी, जे स्वतः कॉन्स्टेबल आहेत, ते म्हणतात की पोलिसांना युनियनची मनाईच आहे. माझे वडील महाराष्ट्र पोलिसांत हवालदार होते. १९८२ चा अनुभव गाठीशी असल्यामुळे ‘खात्यात राहून संघटनेच्या भानगडीत पडू नकोस’ हाच त्यांचा सल्ला आहे. मला सभासद होता येते का, येत असल्यास कोणती युनियन निवडावी, आणि दोन-तीन वर्षांनी कॉन्स्टेबल पदासाठी अर्ज केल्यास हे सभासदत्व आड येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त कामगार प्रतिनिधी

ताई, तुमचे शेजारी त्यांच्या स्वतःपुरते बरोबर बोलत आहेत, तुमच्याबाबतीत मात्र नाही. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या हजारो पोलिसांनी संप केला आणि त्यांच्या बऱ्याच मागण्या मान्य झाल्या. पुढच्याच वर्षीचा संप, जो लिव्हरपूलमध्ये सर्वांत तीव्र झाला, तो मात्र सरकारने मोडून काढला आणि संपकऱ्यांना कायमचे घरी बसवले. त्याच १९१९ च्या पोलीस कायद्याने कॉन्स्टेबलांना कामगार संघटनेत जाण्यास बंदी केली आणि त्याऐवजी पोलीस फेडरेशन नावाची, संपाचा अधिकार नसलेली संस्था उभी केली. आज ही बंदी १९९६ च्या पोलीस कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहे, परंतु ती ‘पोलीस दलाच्या सदस्यांना’, म्हणजे शपथ घेतलेल्या अधिकाऱ्यांना लागू होते. नियंत्रण कक्षातील कर्मचारी, कोठडीतील नागरी कर्मचारी, न्यायवैद्यक तंत्रज्ञ, कार्यालयीन कारकून, इतकेच नव्हे तर गणवेशात रस्त्यावर फिरणारे पीसीएसओ (पोलीस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर), हे सर्व पोलीस स्टाफ आहेत. त्यांना युनियनचे सभासद होता येते आणि कायदेशीररीत्या पुकारलेल्या संपात सहभागीही होता येते.

वडिलांची भीती समजण्यासारखी आहे. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनस्वातंत्र्यावर मर्यादा घातल्या, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईतील पोलिसांच्या आंदोलनाच्या वेळी त्यांच्या संघटनेची मान्यताच गेली आणि लष्कर बोलावण्याची वेळ आली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ‘युनियन’ या शब्दाचा धसका बसणारच. इथे मात्र १९९२ च्या कामगार संघटना कायद्यानुसार सभासद असल्याच्या कारणावरून नोकरी नाकारणे, त्रास देणे किंवा काढून टाकणे हे बेकायदा आहे, आणि तुम्ही परिविक्षेवर असलात तरीही हे संरक्षण पहिल्या दिवसापासून लागू होते. नाही म्हणायला, याच देशात १९८४ साली थॅचर सरकारने चेल्टनहॅमच्या जीसीएचक्यू या सरकारी गुप्तवार्ता संस्थेतील नागरी कर्मचाऱ्यांवर युनियनबंदी लादली होती आणि ती उठायला १९९७ उजाडले. तेव्हा इथले सरकारही काही धुतल्या तांदळासारखे नाही. परंतु पोलीस स्टाफवर तशी बंदी नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फेडरेशन तुमच्यासाठी नाही. पाळीवर तुमच्या शेजारी बसलेला सार्जंट अडचणीत आला तर त्याच्यामागे फेडरेशन उभी राहील, तुमच्यामागे कोणीही नसेल.

उत्तर: नियंत्रण कक्षातील सहकारी (उत्तर इंग्लंड)

मी स्वतः याच कामात आहे, म्हणून निवडीबद्दल लिहितो. इंग्लंड आणि वेल्समधील बहुसंख्य दलांच्या स्टाफचा पगार आणि सेवाशर्ती पोलीस स्टाफ कौन्सिलमध्ये ठरतात. तिथे कामगारांच्या बाजूने युनिसन, जीएमबी आणि युनाइट या तीन संघटना बसतात, आणि पोलीस स्टाफमध्ये सर्वांत जास्त सभासद युनिसनचे आहेत. लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलीस दल या व्यवस्थेबाहेर आहे. तिथे प्रामुख्याने पीसीएस या सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे नाव घेतले जाते. स्कॉटलंडची व्यवस्थाही वेगळी असून तिथे युनिसन आणि युनाइट आहेत. म्हणून ‘देशात सर्वांत चांगली युनियन कोणती’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘माझ्या दलाने कोणाला मान्यता दिली आहे’ हे आधी विचारावे. पाळ्यांचे वेळापत्रक बदलताना, नियंत्रण कक्ष दुसऱ्या शहरात हलवताना किंवा पदे कमी करताना व्यवस्थापन ज्यांच्याशी चर्चेला बसते, ती मान्यताप्राप्त संघटना. बाकीच्यांना निर्णय झाल्यावर कळते.

त्यानंतरची कसोटी माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे, आणि माहितीपत्रकात ती कधीच छापलेली नसते. तुमच्या इमारतीत, तुमच्या पाळ्यांमध्ये काम करणारा प्रतिनिधी कोणत्या युनियनचा आहे? नियंत्रण कक्ष रात्रीही चालतो, आणि मुख्यालयात सोमवार ते शुक्रवार बसणाऱ्या, आयुष्यात एकदाही रात्रपाळी न केलेल्या प्रतिनिधीला तुमच्या विश्रांतीच्या वेळेचा वाद समजावून सांगण्यातच निम्मी शक्ती खर्च होते. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना एवढेच विचारा की गेल्या वेळी कोणावर चौकशी झाली तेव्हा सोबत कोण बसले होते आणि ते तयारी करून आले होते का. त्या उत्तरावरून निवड करा. जीएमबीचा प्रतिनिधी चांगला असेल तर खुशाल जीएमबीत जा.

आपल्या कामात ही सोबत किती मोलाची आहे हे बाहेरच्यांना कळत नाही. एखाद्या दूरध्वनीनंतर माणूस दगावला तर ध्वनिमुद्रण ऐकले जाते, तुम्ही कोणता प्रश्न विचारला नाही हे तपासले जाते, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणारे स्वतंत्र कार्यालय, आयओपीसी, स्टाफच्या वर्तनाचीही चौकशी करू शकते. त्या दिवशी सभासदत्वाचा अर्ज भरून उपयोग नसतो, कारण सभासद होण्यापूर्वी उद्भवलेल्या प्रकरणात युनियन सहसा वकील देत नाही.

उत्तर: रोजगार कायद्याचा अभ्यासक

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण मान्यतेचे महत्त्व थोडे जास्त सांगितले गेले आहे असे वाटते. १९९९ च्या रोजगारसंबंध कायद्याच्या कलम १० नुसार शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या औपचारिक सुनावणीत युनियनचा पदाधिकारी, प्रमाणित प्रतिनिधी किंवा सहकारी सोबत नेण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि ती युनियन मालकाने मान्य केलेलीच असावी अशी अट त्यात नाही. सोबत आलेल्या व्यक्तीला तुमची बाजू मांडता येते, तुमच्याशी सल्लामसलत करता येते. तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्हालाच द्यावे लागते. ठरलेल्या वेळी ती व्यक्ती उपलब्ध नसेल तर सुनावणी पाच कामकाजाच्या दिवसांपर्यंत पुढे ढकलून मागता येते. म्हणजे वैयक्तिक बचावासाठी मान्यता आवश्यक नाही, सामूहिक वाटाघाटींसाठी आहे. तुम्हाला यांपैकी कशाची चिंता जास्त आहे, त्यावर निवड अवलंबून राहील.

वर्गणीचाही हिशेब पाहावा. युनिसनची वर्गणी पगाराच्या टप्प्यांनुसार वाढते. जीएमबीत ती पूर्णवेळ की अर्धवेळ यावर ठरते. कमी तासांवर काम करणाऱ्यांना हा फरक जाणवतो. अर्जात राजकीय निधीचा रकाना असतो, तो न वाचता खूण करू नये. युनिसन, जीएमबी आणि युनाइट मजूर पक्षाशी संलग्न आहेत, पीसीएस नाही. युनिसनमध्ये पक्षाशी संलग्न आणि असंलग्न असे दोन वेगळे निधी आहेत, त्यामुळे संघटना हवी पण पक्ष नको असे वाटणाऱ्यालाही मार्ग आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: मिडलँड्सची रहिवासी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. वडिलांना पहिले उत्तर वाचून दाखवले. ‘फेडरेशन वेगळी, युनियन वेगळी’ हे त्यांना पटले, परंतु सभासदत्व वरिष्ठांना कळेल ही शंका त्यांच्या मनातून जात नाही. शिवाय कॉन्स्टेबल पदाचा प्रश्न राहिलाच.

उत्तर: निवृत्त कामगार प्रतिनिधी

वर्गणी पगारातून कापून घेतल्यास वेतन विभागाला कळणारच, कारण त्यासाठी तुमचे लेखी संमतिपत्र लागते. ते नको असल्यास बँक खात्यातून थेट भरावी. तसेही युनियनचे सभासदत्व ही या देशाच्या माहिती संरक्षण कायद्यात विशेष संरक्षित माहिती मानली जाते, आरोग्यविषयक माहितीइतकीच. वेतन विभागाने ती तुमच्या पर्यवेक्षकाला सहज सांगावी असे नव्हे.

कॉन्स्टेबल पदासाठी अर्ज करताना सभासद असणे आड येत नाही. बंदी शपथ घेतल्यानंतर सुरू होते, आणि तिथेही कलम ६४ मध्ये एक सवलत आहे: भरतीपूर्वीच जो युनियनचा सभासद होता, त्याला दलाच्या प्रमुखाच्या संमतीने सभासद राहता येते. बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत, सरळ युनियन सोडून फेडरेशनमध्ये जातात. परंतु स्टाफ असतानाच्या काळातील एखादा वाद, उदाहरणार्थ थकीत पाळीभत्ता, प्रलंबित असेल तर राजीनामा देण्यापूर्वी त्या प्रकरणाचे पुढे काय होईल हे शाखेकडून लेखी घ्यावे.