मार्चची घाई कशाला?

एक सल्ला असा दिला जातो की एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) संघाने दोन अनुभवी डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभे राहणारे धिप्पाड खेळाडू, मार्चमध्ये करार संपलेल्यांचा बाजार उघडतो तेव्हाच स्वस्तात उचलून ठेवावेत. अनुभवी हवेत हे मान्य, पण स्वस्तातले मार्चमध्ये मिळतात कुठे? करार संपलेला खेळाडू ड्राफ्ट (नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड) उरकल्यावर घेतला तर भरपाईच्या पिक्सच्या, म्हणजे खेळाडू गमावलेल्या संघांना ड्राफ्टमध्ये मिळणाऱ्या जादा निवडींच्या, हिशेबात तो धरत नाहीत. शिवाय चार किंवा जास्त हंगाम खेळलेल्याला किमान पगारावर एका वर्षासाठी घेतलं, तर कॅपवर (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर) भार पडतो तो फक्त दोन हंगाम खेळलेल्याच्या किमान पगाराएवढा.

फिलाडेल्फिया ईगल्सचं 2022 आठवा. त्यांचा डिफेन्सिव्ह टॅकल जॉर्डन डेव्हिसचा घोटा दुखावला, समोरचे संघ चेंडू घेऊन मधूनच पळायला लागले, आणि नोव्हेंबरमध्ये संघाचा जनरल मॅनेजर हावी रोझमनने लागोपाठ दोन दिवसांत 34 वर्षांचा लिनव्हल जोसेफ आणि 35 वर्षांचा एन्डामुकाँग सू आणला. तोवर दोघेही घरीच होते! मोजक्या स्नॅप्सपुरते (डावांपुरते) वापरले आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला. तिथे मात्र चीफ्सने 158 यार्ड पळून काढले, आणि हंगामात 70 सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) करणाऱ्या ईगल्सला एकही सॅक मिळाला नाही. त्यामुळे असल्या खेळाडूंकडून पास रशची, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाण्याची, अपेक्षा नको. पहिल्या-दुसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) मधली फट बुजवली तरी पैसे वसूल.