सातारा पहिल्यांदाच, दीड दिवस, सोबत आई: गाव आधी की किल्ला?

वैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने रविवारी सकाळी साताऱ्यात उतरतोय. सोमवारी संध्याकाळी पुण्याला निघायचं. सोबत आई, वय ६९. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण गुडघ्यांमुळे दहा-पंधरा पायऱ्यांच्या वर नको. कास, ठोसेघर यादीत नाहीत. थोरल्या शाहू महाराजांची राजधानी म्हणून गाव बघायचंय. रविवारी राजवाडा आणि पेठा, सोमवारी सकाळी संग्रहालय आणि मग अजिंक्यतारा, असं मनात आहे. दिवसभराची गाडी करावी की रिक्षावर भागेल?

बोगद्यापलीकडे:
दादा, यादी उलटी करा. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणजे ते रविवारीच. एसटी स्टँडच्या जवळ आहे, शोधावं लागत नाही. वाघनखांसाठी येत असाल तर ती आता तिथे नाहीत. जुलै २०२४ पासून काही महिने इथे होती, पुढे तुमच्या नागपूरलाच गेली!

किल्लाही रविवारीच करा, दुपारी साडेतीनला. पहिल्यांदा येणाऱ्याने गाव आधी वरून बघावं, कारण सातारा हे किल्ल्यावरून खाली उतरलेलं गाव आहे. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला आणि पेठा नंतर पायथ्याला वसत गेल्या. सगळं गाव किल्ल्याच्या उत्तरेला पसरलंय. सूर्य पाठीशी येतो, त्यामुळे दुपारीही डोळ्यांवर ऊन न येता नीट दिसतं. पूर्वेला पोवई नाका, तिथून पश्चिमेला राजपथ धरून मोती चौक, राजवाडा, समर्थ मंदिर. ही एक ओळ वरून ओळखता आली की खाली पत्ता विचारावा लागत नाही. समर्थ मंदिरापासून एक फाटा यवतेश्वर-कासला चढतो, दुसरा बोगद्यातून सज्जनगडाकडे जातो.

गाडी मुख्य दरवाजाजवळपर्यंत जाते. दरवाजातून आत मात्र चढ आणि पायऱ्या आहेत, काकूंनी तिथवरच यावं. तुम्ही आत मारुतीचं मंदिर, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष करत मंगळाई देवीकडे जा. पूर्ण फेरीला दीड तास धरा. पाणी बरोबर न्या. दरवाजा संध्याकाळी सहाला बंद होतो, म्हणून पाच वाजता वर पोचण्यात अर्थ नाही.

मंगळाईच्या बुरुजाशी थोडं थांबा. औरंगजेबाचा वेढा डिसेंबर १६९९ मध्ये पडला आणि किल्ला एप्रिल १७०० पर्यंत लढला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग भरले. पहिल्याने तट उडाला, आतले मराठे गाडले गेले, प्रयागजी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसरा उडाला तेव्हा दगड-मातीचा लोंढा बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली जमलेले मोगलच त्यात सापडले. तटाचा उतार आणि खालची जागा बघितली की हे असं का झालं ते कळतं. पाटी वाचून ते कळत नाही.

लाल डबा:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त वाहनाचं जोडतो. सातारा स्टेशन गावात नाही, सहा-सात किलोमीटर बाहेर, कोरेगाव रस्त्याला आहे. नवखे लोक स्टेशनवरून आधी लॉजवर जातात आणि वाटेवरच्या संगम माहुलीसाठी दुसऱ्या दिवशी तोच रस्ता पुन्हा पैसे मोजून करतात. त्यापेक्षा स्टेशनवरच रिक्षा ठरवताना सांगा: 'माहुलीला अर्धा तास थांबून मग पोवई नाका.' भाडं, थांबण्याचे पैसे आणि सामान, तिन्ही आधीच बोलून घ्या. उतरताना वाद होतो तो थांबण्याच्या पैशांवरूनच.

कृष्णा-वेण्णा संगमावर संगम माहुलीत विश्वेश्वराचं देऊळ आहे, श्रीपतराव प्रतिनिधींनी साधारण १७३५ मध्ये बांधलेलं. समोरच्या काठावर क्षेत्र माहुली, म्हणजे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. शाहू महाराजांची समाधीही माहुलीतच. घाटाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, काकूंना वर देवळाच्या आवारातच बसवा. डिसेंबरात पाणी उतरलेलं असतं, पण खालच्या पायऱ्यांवर शेवाळ राहतं. चप्पल घालून उतरू नका.

दिवसभराची गाडी रविवारी नकोच. राजपथ अरुंद, पार्किंग मिळत नाही आणि पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये (चौकाखालच्या भुयारी रस्त्यात) चुकीच्या तोंडातून शिरलात तर भलत्याच रस्त्याला बाहेर पडता. स्टँड ते राजवाडा एसटीची शहर बस आहे, रिक्षाही मुबलक.

पेठकर:
दोघांनी गाव गुंडाळूनच टाकलं की! किल्ल्यावरून उतरताना गाडीत बसू नका. काकूंना रिक्षाने राजवाड्यासमोरच्या गोल बागेत पाठवा आणि तुम्ही डांबरी रस्त्याने किलोमीटरभर येऊन अदालतवाड्याच्या बाजूने उतरणारी वाट धरा. अदालतवाडा ते राजवाडा चालत दहा मिनिटं. राजधानी ज्या उतारावरून खाली आली तो तुमच्या पायाखाली येतो. अंधारात मात्र ही वाट धरू नका. साडेपाचला दरवाजा सोडा.

राजवाड्यात आत शिरून दालनं बघायला मिळतील ही अपेक्षा ठेवू नका, बाहेरूनच बघायचा. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. पुढे तिथे सरकारी शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० ला त्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. राज्यात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो यामुळे. पुष्कळ पर्यटक याच भिंतीला टेकून भेळ खातात आणि पुढे जातात.

पेठा सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ. मोती चौक, मंगळवार तळं, मग शनिवार पेठेतून परत. दुकानं उघडायच्या आधी वाड्यांचे दरवाजे आणि वरची लाकडी कामं दिसतात, नंतर सगळं फलकांमागे जातं. रस्ता बराचसा सपाट, काकूंना जमेल. पेढे तेव्हा घेऊ नका, निघताना घ्या. कंदी पेढ्याचा खवा जास्त भाजलेला असल्याने तो टिकतो, तरी आजचाच आहे का ते विचारायचं.

वैनगंगाकाठ:
माहुलीचं एकदम पटलं. सोमवारी नऊनंतर बारा मोटेची विहीर आणि सज्जनगड दोन्ही होतील?

लाल डबा:
दोन्ही विरुद्ध दिशांना. विहिरीचं लिंब गाव उत्तरेला पुण्याच्या रस्त्यावर, सुमारे १६ किलोमीटर. सज्जनगड बोगद्यातून पलीकडे, जवळपास तेवढाच. सज्जनगडला वाहनतळानंतर पायऱ्याच पायऱ्या, तेव्हा तो या खेपेला सोडा.

लिंबसाठी सोमवारी अर्ध्या दिवसाची गाडी करा. विहीर शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) या काळात बांधवली, शिलालेख तिथेच आहे. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, नाव बारा मोटांचं पण सोय पंधरांची. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांचा भाग आणि मध्ये चक्क छोटा महाल. पायऱ्या टाळून काकूंना वरूनही मोटेच्या जागा बघता येतात. ऊन खोलवर उतरतं ते बाराच्या आसपास, म्हणून अकराला निघा.

आणि लिंब फाट्यावर उभं राहून पुण्याची गाडी पकडू असा विचार करू नका. विनाथांबा गाड्या तिथे थांबत नाहीत. स्टँडवर परत या, स्वारगेटची गाडी तिथूनच घ्या.

बोगद्यापलीकडे:
आणि सोमवारी संध्याकाळी खंबाटकी घाटाच्या परिसरात गर्दी लागली तर अडीच तासांचे साडेतीन होतात. पुण्यातून पुढची रेल्वे असेल तर चारच्या आत निघा.