४० एचपी आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाला) हायड्रोफॉइल (इंजिनाच्या पंख्यावरच्या पट्टीला जोडायचा सपाट पंख) लावावा का?

प्रश्न: १८ फुटी फायबर बोट आहे. मागे चार माणसं बसली की नाळ (पुढचं टोक) आभाळाकडे, समोरचं दिसत नाही, प्लेनवर यायला (उचलून पाण्यावरून घसरत धावायला) वेळ लागतो. फॉइलने फरक पडेल?

खाडीकाठ: पडेल. फॉइल मागची बाजू उचलतो, त्यामुळे नाळ लवकर बसते आणि कमी वेगातही बोट प्लेनवर टिकते. पण आधी इंजिनाची उंची बघा. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित वर हवी. खाली असेल तर फॉइल पूर्ण वेगातही पाण्यात घासत राहतो, वेग घटतो. ट्रिमची पिन (इंजिनाचा कल ठरवणारी) एक भोक आत, बोटीकडे घ्या, पेट्रोलची टाकी पुढे सरकवा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

वारापाणी: मागून लाट येत असेल तर जपा. लाट मागची बाजू उचलते, फॉइल आणखी उचलतो. नाळ पाण्यात रुतते आणि बोट एकदम आडवी फिरू पाहते. इंजिन बाहेर ट्रिम करा (खालचा भाग बोटीपासून लांब कलवा), वेग उतरवा. माणसं बुडू शकतात, हे हलक्यात घेऊ नका.

प्रश्नकर्ता: पट्टीला भोकं पाडावीच लागतात?

खाडीकाठ: क्लॅम्पचे फॉइलही मिळतात, इंजिन वॉरंटीत असेल तर तेच घ्या. भोकं पाडलीत तर स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट (हादऱ्याने सहज ढिला न होणारा) आणि भोकात मरीन सीलंट (पाणी शिरू न देणारा लेप) हवंच. नाहीतर खाऱ्या पाण्यात बोल्टभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि पट्टी तिथूनच झिजायला लागते. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा.