पेठेच्या चौकात लोक थांबतील असा दिवा कसा करायचा?

पेठेतला_वायरमन
मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. दिवसा वायरिंगची कामं, रात्री तालमीचा कट्टा. दोन वर्षं मंडळात लेझर नको म्हणून भांडतोय. डोळ्यांना धोका आहेच, पण त्यात बघणाऱ्यानं करायचं तरी काय? मान वर करून उभं राहायचं!

म्हणून गेल्या दिवाळीत गल्लीत भिंतीवर ५ मीटर एलईडी पट्टी लावली, खाली पीआयआर सेन्सर, म्हणजे हलती ऊब ओळखणारा. माणूस आला की रंग पळायचे. पहिल्या रात्री पोरं लई नाचली. दुसऱ्या रात्रीपासून दिवे लावायला फक्त कुत्री आणि तापलेल्या मोटरसायकली. येणारा रील काढायचा नि जायचा. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी 'डोळ्यांसमोर मिचमिचतंय' म्हणून स्वतःच बटण बंद केलं. दोन माणसं तिथं थांबून बोलली, असं एकदाही दिसलं नाही.

आता त्रिपुरारी पौर्णिमेला चौकात काहीतरी करायचंय. पट्टी आहे, खिशात साडेतीन हजार आहेत. काय करू?

सध्या_मॉन्ट्रियल
भावा, तुझा दिवा एकट्यावर चालतो, तिथंच घोळ आहे. इथं २०११ मध्ये रस्त्याकडेला २१ झोपाळे टांगले होते, रात्री उजळणारे. प्रत्येक झोपाळ्याचा एक सूर. एकट्यानं झोका घेतला तर तेवढाच सूर वाजतो. शेजारचा तुझ्या लयीत आला की एकट्याला न मिळणारी चाल निघते. मग आपोआप बाजूला बघावं लागतं, 'हं, आता' म्हणावं लागतं.

बर्लिनमध्येही २००१ साली एका इमारतीच्या १४४ खिडक्यांमागे दिवे लावले होते. लोक मोबाइलवरून त्या खिडक्यांवर पाँग, म्हणजे चेंडू इकडून तिकडं टोलवायचा व्हिडिओ गेम, खेळायचे.

घाटावरची_आत्या
एवढं लांब कशाला जायचं? त्रिपुरारीला पंचगंगेच्या घाटावर पहाटे येऊन बघ. वारा आला की पणती विझते, काडी ओली झालेली असते. मग शेजारणीच्या पणतीवरून वात लावून घ्यायची. ती कुठल्या पेठेची, कुणाची कोण, काही ठाऊक नसतं. तेल संपलं तर तीच ओतते. तुझा दिवा विझत नाही ना, म्हणून कुणाला कुणाची गरज पडत नाही बघ.

सोल्डर_आणि_मिसळ
आत्यांचं धरून सांगतो. पीआयआर काढून टाक. चौकात ५ मीटर अंतरावर दोन पितळी नळ्या उभ्या कर. एक नळी पट्टी चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या इनपुटला, दुसरी ग्राउंडला. एरवी इनपुटचा व्होल्टेज वर खेचून ठेवायला १० मेगाओमचा रेझिस्टर. एकाचे हात दोन्हीकडं पोचणार नाहीत. मधे माणसांची साखळी झाली, की अंगातून अगदी नगण्य करंट जाऊन दिवे लागतील. कुणी हात सोडला की बंद.

दोन गोष्टी सोडू नकोस. सगळं बॅटरीवरच चालव, मेनची वायर जवळपासही नको. आणि पट्टीतले ३०० दिवे पूर्ण पांढरे पेटवलेस तर ५ व्होल्टला १८ अँपिअरपर्यंत मागतील. उजेड पावपटीवर ठेव, नाहीतर पट्टीचं शेवटचं टोक लालसर पडेल.

पेठेतला_वायरमन
डोकं आहे गड्या. पण पेठेच्या चौकात अनोळखी बायामाणसं एकमेकांचे हात धरणार व्हय? आमचीच पोरं लाजतील.

सोल्डर_आणि_मिसळ
मग मधे धातूचं काहीतरी दे. तुमच्या तालमीत लेझीम असतील की!

पेठेतला_वायरमन
काल रात्री तालमीत करून बघितलं. लाकडी दांडा धरला तर काहीच होत नाही, लोखंडी साखळीच धरावी लागते. दोघांच्या मधे एक लेझीम, अशी सहा माणसं. साखळी ढिली पडली की कड्या सुटतात आणि दिवे झुळझुळतात. ताणून धरली तर स्थिर. सगळेच एकमेकांवर ओरडत होते, 'ताण की! तू सोडतोयस!'

तेवढ्यात त्या बटणवाल्या काकू भाजी घेऊन दारातून डोकावल्या. एक माणूस कमी पडत होता. म्हणाल्या, "पिशवी धरा कुणीतरी."

लेझीम अजून चार लागतील. कुणाकडं जुनी पडून असतील तर सांगा, गंजलेली नकोत.