झाडं लावाल, पण मे महिन्यात पाणी कोण घालणार?

वर कुणीतरी लिहिलंय की प्रत्येक शाळेने ५ जूनला शंभर झाडं लावावीत. अहो, पण तेव्हा शाळाच बंद असतात! आपल्याकडे त्या उघडतात जूनच्या मध्यावर, विदर्भात तर आणखी उशिरा.

आमच्या गावच्या शाळेत खिचडी खाऊन पोरं जिथे ताटं धुतात, तिथून गुरुजींनी थेट परसबागेपर्यंत चर खणलाय. खरकटं आधी चाळणीत अडतं, पाणी जातं केळी आणि अळूला. अळू तर असा माजलाय की स्वयंपाकाच्या मावशी वैतागल्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र तिथेही बोंबच होती. यंदा शेजारच्या दोन घरांना पपया कबूल करून पाणी घालायला लावलं.